नटावरची पांढरी रेघ

माझे सासरे बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. त्या चौतीस वर्षांत आवळलेल्या प्रत्येक नटावर त्यांनी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. अर्धी रेघ नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ मधेच तुटलेली दिसते, पाना लावून बघावं लागत नाही. डेपोत त्यांना सगळे 'रेघवाले' म्हणत आणि त्यांना ते आवडत असे.

ही सवय कशी लागली तेही ते रंगवून सांगत. उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी एका बसचं मागचं चाक रस्त्यात निखळलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण चौकशी झाली तेव्हा चार फिटर पुढे आले आणि चौघेही म्हणाले, "मी नीट आवळला होता, साहेब." नट मात्र रस्त्यावर पडलेला. "तेव्हाच मी ठरवलं," सासरे सांगत, "आपण आवळलं ते आपल्या सहीचं. उद्या कुणी विचारलं तर बोट दाखवता आलं पाहिजे."

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. कपड्यांची एक पिशवी आणि दोन माणसांनी उचलावी अशी पान्यांची लोखंडी पेटी, एवढाच त्यांचा संसार. महिन्याभरात आमच्या घरभर रेघा उमटल्या. पंख्याच्या बोल्टावर, मुलीच्या सायकलवर, बेसिनखालच्या नळावर. कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर रेघ असलेलं घर जगात आमचं एकच असेल. हा रंग ते सासूबाईंच्या नेलपॉलिशच्या बाटलीत ठेवत. झाकणालाच बारीक ब्रश असतो, म्हणून त्यांनी ती बाटली धुऊन तिच्यात पांढरा ऑइलपेंट भरला होता. तळाच्या कोपऱ्यात अजून थोडा गुलाबी रंग दिसायचा. तो त्यांनी मुद्दाम ठेवला होता की निघाला नव्हता, हे मी कधी विचारलं नाही.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण दोष माझा आहे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाचं दुकान जळलं, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, की मी वही आणि कॅमेरा घेऊन तिथे हजर. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे धरूनच माझा दिवस सुरू होतो आणि बहुतेक वेळा माझं बरोबरच निघतं. अठरा वर्षं हे केलं की सवय अंगात मुरते. दूधवाल्याने दूध चांगलं आहे म्हटलं तरी मी वास घेऊन बघतो. बायको म्हणते, "तुझ्याशी लग्न केलं तेव्हा माझी पण कागदपत्रं तपासली असशील." मी हसून सोडून देतो, पण ते फार खोटं नाही.

गेल्या वर्षी सासरे विसरायला लागले. म्हणजे फार नाही. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, हे तर माझंही होतं. पण एकदा त्यांनी दूध तापत ठेवलं आणि खाली फिरायला गेले. पातेलं जळून काळं ठिक्कर. एकदा चहात दोनदा साखर पडली. आम्ही सगळ्यांनी तो चहा "छान झालाय, बाबा" म्हणत संपवला आणि माझी सात वर्षांची मुलगीसुद्धा आमच्याकडे बघून तसंच म्हणाली. घरात हा एक अलिखित नियमच झाला होता. बाबांचं मन राखायचं. तो नियम पुढे माझ्याच गळ्याशी येणार होता.

एका रविवारी सकाळी ते खालून वर आले आणि दारातूनच बोट पुढे करून म्हणाले, "जावईबापू, हे बघा." बोटाच्या टोकाला काळंकुट्ट ग्रीस. "डाव्या पुढच्या चाकाला आतल्या बाजूने उडालंय. बूट फाटलाय."

मला कळलं नाही. मग त्यांनी मला खाली नेलं, पुठ्ठ्यावर आडवं झोपायला लावलं आणि बॅटरीने दाखवलं. इंजिनाकडून चाकाला फिरवणारा जो दांडा येतो, तो चाकाशी वळतो तिथे एक सांधा असतो. त्या सांध्यावर रबराचं घड्याघड्यांचं आवरण असतं. त्याला बूट म्हणतात. आत ग्रीस, बाहेर धूळ, आणि दोघांच्या मधे तो बूट. आमच्या गाडीचा एका घडीवर चिरला होता.

"अजून आवाज येत नाही ना वळताना? कट कट असा?"

"नाही."

"मग वेळेत सापडलं. माती शिरून सांधा खराब झाला असता तर अख्खा दांडा गेला असता. नुसता बूट बदलू. पुढच्या रविवारी."

माझ्या तोंडावर आलं होतं की गॅरेजला देऊ. पण वर येऊन मी तसं पुटपुटलो तर बायको माझ्याकडे बघतच राहिली. "माझा बाप घरात असताना तू गाडी गॅरेजला टाकणार? त्यांनी आयुष्यभर बसगाड्या उघडल्यात." एवढं बोलून ती कामाला लागली. विषय संपला.

पुढच्या रविवारी आठ वाजता आम्ही इमारतीच्या खाली पार्किंगमध्ये होतो. सासऱ्यांनी डेपोचा जुना निळा कोट घातला होता. त्याच्या कोपरांवर ठिगळं, पण इस्त्री कडक. मागच्या चाकांना विटा लावल्या. फरशीवर एक जुनी चादर पसरली आणि तिच्यावर पाने एका ओळीत मांडले, ज्या क्रमाने लागतील त्या क्रमाने. मला त्यांनी गाडीत बसवलं. "ब्रेक दाबून धरा. मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा. वर उचलल्यावर चाक फिरतं, मग नट हसतो आपल्याला."

नट सैल झाला. जॅक, मग स्टँड, मग चाक बाहेर. खालचा जोड सोडवून त्यांनी ब्रेकचा सगळा डोलारा स्वतःकडे ओढला आणि दांड्याचं टोक हळूच मोकळं केलं. बहात्तर वर्षांचा माणूस, पण हात कुठे अडखळत नव्हता. फाटक्या बुटाची दोन्ही तोंडं आवळणाऱ्या छोट्या-मोठ्या पट्ट्या कापल्या, रबर सुरीने चिरून काढलं. पितळी दांडी टेकवून हातोडीचे दोन ठोके दिले आणि सांधा खटकन निघून त्यांच्या तळहातावर आला. तो त्यांनी रॉकेलमध्ये धुतला, ब्रशने घासला आणि उजेडात धरून आतले सहाही छर्रे एकेक करून फिरवून बघितले.

"बघा, एकावरही ओरखडा नाही. आता सांगा, आधी काय जाणार?"

"बूट," मी म्हणालो.

"चुकलात! आधी छोटी पट्टी, मग बूट, मग सांधा. सांधा बसल्यावर पट्टी हातात राहिली की सगळं परत उघडा. डेपोत नवीन पोरं हमखास फसायची. मी मुद्दाम सांगायचो नाही. एकदा फसला की जन्मात विसरत नाही."

त्या सकाळी मी त्यांना इतकं खूश बघितलं, जितकं सासूबाई गेल्यापासून बघितलं नव्हतं. हे मी आता कबूल करतो, कारण तेव्हा माझं लक्ष भलतीकडेच होतं.

नवा बूट चढला, सांधा ठोकून बसवला, पिशवीतलं काळं ग्रीस बोटांनी दाबून दाबून भरलं. मोठी पट्टी आवळण्याआधी ते थांबले. "ग्रीस भरलं ना आपण?"

"हो, आत्ताच भरलं."

त्यांनी बुटाची कड उचलून आत बघितलं आणि मान हलवली. पट्टी हातात घेतली. मग पुन्हा, "पूर्ण पिशवी गेली ना?"

"पूर्ण गेली, बाबा."

बस्स, एवढंच. कुठलाही काळजीपूर्वक काम करणारा माणूस दोनदा विचारतो. पण माझ्या डोक्यात जळकं पातेलं आलं. ह्या गाडीत मागच्या सीटवर माझी मुलगी बसते. पुढचा सगळा वेळ मी त्यांच्या हातांकडे बघत होतो, काही राहतंय का ते शोधत होतो. कामावर असताना जळालेल्या दुकानात बघतो, अगदी तसाच.

काहीच राहिलं नाही. सगळं जागेवर गेलं. चाक बसलं, गाडी खाली आली. मी पुन्हा ब्रेक दाबून बसलो आणि त्यांनी मोठ्या नटावर पाना लावून त्याला हातभर लोखंडी पाइप अडकवला. अंगाचं सगळं वजन टाकून आवळला. गाडीला हिसका बसलेला मला सीटवर जाणवला. मग त्यांनी नेलपॉलिशची बाटली काढली, श्वास रोखला आणि नटावर रेघ ओढली. चाकाची टोपी बसवली. "पंधरा दिवसांनी एकदा बघू," म्हणाले. मी ऐकलं, पण ऐकून न ऐकल्यासारखं.

सोमवारी ऑफिसला जाताना मी गाडी गॅरेजकडे वळवली.

बायकोला सांगितलं नाही. गॅरेजवाला ओळखीचा, चष्म्याला एका बाजूने दोरा बांधलेला माणूस. मी म्हणालो, "घरी बूट बदललाय, एकदा बघून घे." त्याने गाडी वर घेतली, बूट चाचपला, पट्ट्या ओढून बघितल्या, खालचा जोड हलवून बघितला. "कुणी केलंय?"

"आमच्या सासऱ्यांनी."

"गॅरेज आहे का त्यांचं? काम एक नंबर आहे." मग टोपी काढून त्याने मोठा नट जरा सैल केला आणि मोजून आवळणारा पाना लावला. पाना कट्ट वाजेपर्यंत फिरवून थांबला. "नट तेवढा जास्तच आवळला होता. म्हाताऱ्याच्या हातात भलताच जोर आहे की. आता बरोबर आहे. बिनधास्त जा."

त्याने टोपी लावली आणि मी बिनधास्त गेलो. दिवसभर माझी छाती हलकी होती. जळालेल्या भिंतीवरच्या काजळीची उंची मोजणारा माणूस मी, पण नटावरच्या रेघेकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही बायकोच्या मैत्रिणीकडे डोंगराच्या पलीकडे जाऊन आलो. पन्नास वळणं होती. गाडीने हूं की चूं केलं नाही.

पंधरा दिवस झाले त्या रविवारी मी दोन कप चहा घेऊन खाली उतरलो. सासरे डाव्या चाकासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. चाकाची टोपी त्यांच्या मांडीवर. हात टोपीवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी वाकून बघितलं. रेघ मोडली होती. नटावरचा तुकडा लोखंडावरच्या तुकड्यापासून नखाएवढा मागे सरकला होता. सैल होण्याच्या दिशेने.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. गॅरेजवाल्याने नट सैल करून पुन्हा मोजून आवळला तेव्हा तो त्यांनी आवळला होता तिथपर्यंत गेलाच नाही. चूक कुणाचीच नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. हातात दोन कप घेऊन मी उभा राहिलो आणि ते वाक्य बोललो नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही ब्रेक दाबून बसला होतात. पाइप लावला होता ना मी?"

"हो, लावला होता."

"मलाही तसंच आठवतंय. अंगाचा जोर टाकला होता. मग फिरला कसा?"

"नट जुना असेल."

"नवा होता. तुम्हीच आणला होतात." मग ते हळूच हसले. "माझं मन राखायला हो म्हणताय तुम्ही. नसेल लावला मी. रेघ ओढली आणि आवळायचं राहिलं. आणि आठवतंय मात्र की आवळला. म्हणजे आता आठवणीचाही भरवसा नाही."

मी चहाचा कप पुढे केला. यापेक्षा नीच काम मी आयुष्यात केलेलं नाही. लोकांचे खोटे दावे पकडून त्यांना घाम फोडणारा मी, माझ्या खोटेपणाला चहा पाजून मोकळा झालो.

का बोललो नाही? खूप विचार केलाय मी यावर. एक तर बायकोची भीती. तिच्या बापावर विश्वास नाही म्हणून चोरून गॅरेजला गेलो, हे तिला कळलं असतं तर तिने मला दारात उभं केलं नसतं. दुसरं असं की मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, दोन दिवसांत विसरेल. विसरतातच ना ते. हा माझा हिशेब होता आणि तो लिहिताना आज लाज वाटते.

ते विसरले नाहीत.

त्यांनी नट पुन्हा आवळला, नवी रेघ ओढली आणि वर येऊन पेटीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून गॅसला हात लावणं बंद. चहा हवा असेल तर बायको ऑफिसातून येईपर्यंत थांबायचे. शाळेच्या बसपर्यंत नातीला रस्ता ओलांडून तेच नेत असत. आता बायकोला म्हणाले, "तूच ने गं, माझं काही खरं नाही." दाराची कडी लावली की तीनदा ओढून बघायचे आणि मग नातीला म्हणायचे, "तू एकदा बघ बरं." पोरगी ऐटीत जाऊन कडी ओढायची आणि म्हणायची, "लागलीय, आजोबा." तिला तो खेळ वाटायचा.

बायको मला विचारत राहिली, "बाबांना झालंय काय? पंधरा दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे झालेत." ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सासऱ्यांनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने फार चांगलं आहे." घरी येताना सासरे म्हणाले, "डॉक्टर भला माणूस आहे. मन राखून बोलतो." हे मला बायकोने सांगितलं तेव्हा मी मूग गिळून बसलो.

चौथ्या आठवड्यात, जेवताना, ते म्हणाले, "मी धाकट्या भावाकडे जाऊन राहतो."

बायकोचा घास हातातच राहिला. "का?"

"चार ते सहा ही पोरगी माझ्या भरवशावर घरात असते. ते बरोबर नाही. काही झालं म्हणजे?" त्यांनी ताटाकडे बघत सांगितलं, ठरवून ठेवलेलं वाक्य सांगावं तसं. "भावाकडे मोठी माणसं आहेत सगळी. मला सांभाळतील. माझ्यावर कुणी अवलंबून नको."

भावाशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. आणि ह्या नातीशिवाय त्यांचा दिवस उजाडत नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बायको रडायला लागली. मी ताटावरून उठलो. हात धुतले आणि त्यांना म्हणालो, "बाबा, जरा आत या."

त्यांच्या खोलीत मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. गॅरेज, मोजून आवळणारा पाना, नखाएवढी रेघ. "तुम्ही पाइप लावला होता. उलट जास्तच आवळला होता, गॅरेजवाला म्हणाला. तुमची आठवण बरोबर आहे. मीच विश्वास ठेवला नाही. मला माफ करा."

ते पलंगावर बसून शांतपणे ऐकत होते. मला वाटलं आता ओरडतील. ओरडावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"फार चांगले आहात तुम्ही," म्हणाले. "दुसऱ्याने एवढं केलं नसतं. स्वतःच्या अंगावर घेतलंत."

"बाबा, मी खरं सांगतोय!"

"हो हो." ते मला थोपटत होते. "साखरेचा चहा पण तुम्ही खरंच आवडीने प्यायलात, नाही का?"

दोनदा साखर पडलेला चहा त्यांना तेव्हाच कळला होता. आम्ही सगळे गोड तोंडाने खोटं बोलतो हेही कळलं होतं. आणि आता माझं खरं त्याच गोड खोट्यांच्या रांगेत जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत घालून गॅरेजवर नेलं. गॅरेजवाला उठून उभा राहिला, त्यांना खुर्ची दिली. "आजोबा, मी स्वतः उघडला होता नट. काय आवळला होता हो तुम्ही! पाइप लावला होता ना? मला दोन्ही हात लावावे लागले." जे खरं होतं तेच तो बोलला. पण इतका वाकून, इतकं कौतुकाने बोलला की लहान मुलाचं चित्र बघून बोलतात तसं वाटावं. सासरे हसले, त्याला धन्यवाद दिले.

परतीच्या वाटेवर, पहिल्याच सिग्नलला, ते म्हणाले, "चांगला माणूस आहे. तुम्ही पढवलंत तसं नीट बोलला." आणि मग माझ्याकडे न बघता, "एक विनंती आहे. मुलीला हे नटाचं सांगू नका. तिला वाटतं, बापाचा हात अजून तसाच आहे. तेवढं राहू द्या."

मागचा माणूस हॉर्न वाजवत राहिला. सिग्नल कधी हिरवा झाला ते मला कळलं नाही.

त्यांची विनंती मी मोडली. त्याच संध्याकाळी बायकोला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी जाऊन बापाच्या शेजारी बसली. "बाबा, तो खरं बोलतोय. हा माणूस तसाच आहे, माझ्यावरसुद्धा त्याचा विश्वास नसतो." सासऱ्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जावई चांगला मिळाला तुला," एवढंच म्हणाले. बाहेर येऊन तिने माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून पचवलेलं नाही.

भावाकडे जाण्याचं तिने त्यांना करू दिलं नाही. हट्ट केला, रुसली, शेवटी ते राहिले. पण त्यांच्या एका अटीवर. चार ते सहा शेजारच्या काकू येऊन बसतात. नात अभ्यास करते, काकू भाजी निवडतात आणि सासरे खिडकीपाशी बसून असतात. नात काही आणायला सांगते तेव्हा ते काकूंकडे बघतात.

गेल्या महिन्यात उजव्या बाजूचा बूट गेला. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की दोन्ही बूट एका वयाचे असतात, दुसरा फार दिवस काढणार नाही. या वेळी ग्रीस मला दिसलं. मी दर रविवारी चाकांच्या आत बघायला शिकलो होतो. मी नवा बूट आणला, पेटीची किल्ली घेतली आणि सासऱ्यांना म्हणालो, "तुम्ही करा, मी ब्रेक दाबतो."

"नको."

"मग मी करतो, तुम्ही सांगा."

यायला ते तयार झाले. निळा कोट मात्र घातला नाही. स्टुलावर बसले, चाकापासून तीन हात लांब. मी विटा लावल्या, चादर पसरली, पाने मांडले. दोन पाने चुकीच्या जागी होते, पण ते काही बोलले नाहीत. सकाळी आठला सुरू केलेलं काम दोन वाजले तरी चालू होतं. माझी बोटं सोलली. सांधा ठोकून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की छोटी पट्टी चादरीवरच पडली आहे.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ती केव्हाच बघितली होती.

"सांगायचं नाही का, बाबा?"

"मला वाटलं, माझंच चुकत असेल," ते म्हणाले.

मी मान खाली घालून सगळं परत उघडलं. पट्टी घातली, बूट घातला, सांधा ठोकला. शेवटी गाडी खाली घेतली, बायकोला ब्रेकवर बसवलं आणि मोठ्या नटाला पाइप लावून लोंबकळलो. मग कपाळ पुसत मी त्यांच्यासमोर गेलो. सकाळपासून ह्याच एका गोष्टीसाठी थांबलो होतो. पाना त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, एकदा तपासून बघता का? मी पहिल्यांदाच केलंय. मागे पोरगी बसते."

त्यांनी पान्याकडे बघितलं. हात मांडीवरून उचलला नाही.

"तुम्ही आवळलाय ना?"

"हो."

"मग झालं की. तपासायचं काय त्यात?"

त्यांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. मी चाकासमोर बसलो. मी ओढलेली रेघ मधेच वाकडी झाली.

"छान आलीय," सासरे म्हणाले.